चुकलेल्या पर्यायांची वही

जिल्हा परिषद शाळा, माण तालुका. इयत्ता पाचवी. नवोदय प्रवेश परीक्षेच्या (सरकारी निवासी शाळेत सहावीला जाण्यासाठीच्या) गणित सरावाच्या नोंदी.

५ ऑगस्ट २०२४

शनिवारच्या चाचणीचे पेपर काल घरी तपासले. वीस प्रश्न, नऊ मुलं. बेरीज-वजाबाकीत फारसं कुणी चुकलेलं नाही. ज्या चार-पाच प्रश्नांनी मार्क खाल्ले, त्यांत मात्र वेगळंच दिसलं. झाडांच्या प्रश्नात नऊपैकी सात जण चुकले आणि सातही जणांनी एकच पर्याय निवडला. अंदाजपंचे गोल रंगवले असते तर उत्तरं विखुरली असती. म्हणजे सात मुलांनी विचार केला, सातही जण एकाच वाटेनं गेले आणि ती वाट चुकीची होती. प्रश्न काढणाऱ्याला ती वाट आधीच ठाऊक असणार, म्हणूनच ते उत्तर पर्यायांत होतं.

आजवर मी बरोबर उत्तर फळ्यावर सोडवून दाखवत आले. मुलं मान डोलावतात, वहीत उतरवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथंच पडतात. या वर्षी एक मोठी दोनशे पानी वही घातली आहे. एका पानावर एक प्रश्न. बरोबर उत्तर कोपऱ्यात लहान अक्षरात. बाकीचं पान चुकीच्या पर्यायांना: हे उत्तर कुठून आलं, काय वाचलं, काय वाचायचं राहिलं. लिहायचं मुलांनी. पानावर नाव कुणाचं नाही.

परीक्षेचा साचा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २०, भाषेचे २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकलं तरी गुण कापत नाहीत.

१२ ऑगस्ट

झाडांचा प्रश्न: ६०० मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांना धरून, दर १५ मीटरवर एक झाड लावलं. झाडं किती? सात जणांचं उत्तर ४०. खरं ४१.

फळ्यावर काहीच न लिहिता मुलांना मैदानात नेलं. पाच मुलांना ओळीत उभं केलं, मधल्या प्रत्येक जागेत एकेक पाटी ठेवली. मुलं पाच, पाट्या चार. मग वहीत लिहायला सांगितलं. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलानं लिहिलं: "६०० भागिले १५ केलं तर जागा मिळतात, झाडं नाही. मी जागा मोजल्या." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

दुपारच्या सुट्टीनंतर तोच धागा घंटेवर नेला. आमची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. प्रश्न असा: घड्याळ सहा वाजता सहा टोल द्यायला १० सेकंद घेतं, तर बाराला बारा टोल द्यायला किती? सगळे एका सुरात "वीस!" सहा टोल दिले आणि दोन टोलांमधली शांतता बोटांवर मोजायला लावली. पाच. म्हणजे एका शांततेला २ सेकंद. बारा टोलांत अकरा शांतता, २२ सेकंद. "शांतता मोजायची" हा शब्द मुलांनी उचलला आहे.

२२ ऑगस्ट

गोल तलावाभोवतीचा प्रश्न दिला. ६०० मीटर घेर, दर १५ मीटरवर झाड. आठ जणांनी ४१ लिहिलं.

हे मला लागलं. दहा दिवसांपूर्वी मैदानात जे समजलं होतं, त्याचं मुलांनी मनातल्या मनात "एक मिळवायचा" एवढंच करून ठेवलं. जागा आणि झाडं गळून पडली, युक्ती तेवढी शिल्लक राहिली. पुन्हा मैदानात गेलो. त्याच पाच मुलांनी हात धरून गोल केला. पाट्या पाच, मुलं पाच. पहिलं झाडच शेवटचं झाड होतं, म्हणून उत्तर ४०.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं: नुसती युक्ती लिहायची नाही, ती का चालते तेही लिहायचं. बाजारात मिळणाऱ्या सराव पुस्तकांत युक्त्यांच्या चौकटी भरलेल्या असतात. त्या वाईट नसतात, पण प्रश्न एका शब्दानं बदलला की त्या मुलाला उघड्यावर सोडतात.

२९ ऑगस्ट

पालकसभा. फॉर्म भरून घ्यायचे होते. एका आजींनी विचारलं, "बाई, पोरगी किती लांब जाणार? अन् पैसं?" सांगितलं, शाळा आपल्याच जिल्ह्यातली, सहावीपासून बारावीपर्यंत, राहणं-जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांनाच असतात. १९८५-८६ साली देशात पहिल्या दोन नवोदय शाळा निघाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला, हेही सांगितलं. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ते ऐकून आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग अंगठा न उठवता, शिकलेली सही करून गेल्या.

३ सप्टेंबर

आजचं पान वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं होईल असं वाटतं.

प्रश्न: एका मुलीनं जवळच्या पैशांपैकी १/३ पैसे वह्यांवर खर्च केले, उरलेल्यापैकी १/४ पेनांवर केले. तिच्याकडे ६० रुपये उरले. सुरुवातीला किती होते?

नऊपैकी सहा जणांचं उत्तर १४४. मी मुद्दाम हाच आकडा पर्यायात ठेवला होता. १/३ आणि १/४ यांची बेरीज ७/१२, मग उरले ५/१२, आणि ५/१२ म्हणजे ६० तर पूर्ण १४४. आकडेमोडीत एकही चूक नाही! छेद समान केले, भागाकार अचूक. मुलानं मेहनतीनं, स्वच्छ अक्षरात, चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर काढलेलं असतं. अशा उत्तराला नुसती फुली मारणं अन्याय आहे.

म्हणून आधी त्या सहाही जणांना सांगितलं की तुमची गणितं बरोबर आहेत, पण वेगळ्या प्रश्नाची. तो वेगळा प्रश्न कोणता, ते शोधा. बराच वेळ शांतता. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं प्रश्न मोठ्यानं वाचला आणि "उरलेल्यापैकी" शब्दावर अडखळली. "बाई, आम्ही सगळ्यापैकी धरलं."

मग कागदाची पट्टी. पट्टीचे तीन भाग घड्या घालून केले, एक फाडून वह्यांना दिला. हातात राहिली ती पट्टी, तिचेच चार भाग केले, एक फाडून पेनांना. आता राहिलेला तुकडा मूळच्या पट्टीवर ठेवून बघा. बरोबर अर्ध्यावर आला. कुणी लसावि काढला नाही, कुणी छेद समान केले नाहीत. अर्ध्याचे ६० तर पूर्ण १२०. एक मुलगा ती पट्टी खिशात घालून घरी घेऊन गेला.

वहीत त्यांनी लिहिलं: "१४४: उरलेल्यापैकी हा शब्द दिसला पण वाचला नाही." खाली मी अशा शब्दांची यादी सुरू करून दिली. उरलेल्यापैकी. दोन्ही टोकांना धरून. पैकी आणि पेक्षा. वाढून किती झाले आणि कितीने वाढले. आकडे मुलांना टळटळीत दिसतात, या शब्दांवरून मात्र डोळा घसरतो.

१८ सप्टेंबर

गौरी-गणपतीनंतर मुलं परत. तोच प्रश्न आकडे बदलून दिला. १/२ खर्च, उरलेल्यापैकी १/३ खर्च, उरले ५०. आठ जणांचं बरोबर, १५०. एकाचं ३००. त्याच्याजवळ बसले, काही न सांगता पट्टी दिली. त्यानं स्वतः फाडली, स्वतः बघितलं, स्वतः खोडलं.

२७ सप्टेंबर

शेळ्या आणि कोंबड्या. डोकी २०, पाय ५६. शेळ्या किती?

हा प्रश्न समीकरणं न वापरता कसा शिकवायचा याची मी दोन दिवस तयारी केली होती. सगळ्या कोंबड्याच आहेत असं धरा, पाय ४० होतील, १६ जास्त, वगैरे. "असं धरा" हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला फार जड जातं. डोळ्यासमोर शेळ्या असताना त्यांना कोंबड्या का धरायचं?

मी सुरुवात करायच्या आतच मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. आजीनं सही केली ती हीच. सकाळी शाळेआधी शेळ्या सोडते, संध्याकाळी बांधते. वर्गात बोलते फार कमी. म्हणाली, "बाई, बोरीचा पाला खाताना शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहती. समद्या शेळ्या बोरीला लावल्या तर?"

वर्ग हसला नाही, कारण सगळ्यांनी ते रोज पाहिलेलं आहे. तिला फळ्याशी बोलावलं. सगळ्या शेळ्या बोरीला उभ्या. आता प्रत्येक डोक्याचे दोनच पाय जमिनीवर, कोंबडीचे दोन, शेळीचेही दोन. वीस डोकी, चाळीस पाय जमिनीवर. मग ५६ मधले सोळा कुठं गेले? "वर," ती म्हणाली, "बोरीच्या फांद्यांवर टेकलेत." एका शेळीचे दोन पाय फांदीवर, म्हणजे शेळ्या आठ.

मी तयार केलेला पाठ मिटून ठेवला. "असं धरा" मध्ये जे गृहीतक होतं तेच हिनं केलं, फक्त तिनं ते धरलं नाही, रोज पाहिलेलं आठवलं. दोन आणि तीन चाकी गाड्यांचा, पाच आणि दहाच्या नाण्यांचा प्रश्न दिला तर मुलं विचारतात, "बाई, इथं बोर कुठं आहे?" दहाच्या नाण्यातले पाच रुपये बोरीवर ठेवतात आणि पुढे जातात. या पद्धतीला वहीत नाव पडलं: बोरीची रीत.

९ ऑक्टोबर

आज माझी चूक. तीही वहीत गेली.

विहिरीतल्या बेडकाचा प्रश्न मी स्वतः तयार केला. १२ फूट विहीर, दिवसा ४ फूट चढतो, रात्री १ फूट घसरतो, कितव्या दिवशी बाहेर येईल? सात जणांनी ४ लिहिलं, उत्तर ४ च आहे, मी खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे निघाले. खिडकीजवळच्या मुलानं थांबवलं. त्याच्या शेजाऱ्यानं १२ ला ३ नं भागून चार काढले होते, यानं मात्र रोजची उंची मांडून काढले होते: तिसऱ्या रात्री ९, चौथ्या दिवशी ९ आणि ४, १३, म्हणजे बाहेर. "बाई, दोघांचं एकच आलं, पण त्यानं शेवटच्या दिवशीही बेडकाला घसरवलं."

माझे आकडेच असे पडले होते की चुकीच्या वाटेनंही बरोबर उत्तर यावं. असा प्रश्न मुलाला काय येतं ते दाखवत नाही, उलट चूक पक्की करतो. लगेच बदलला: ३० फूट, ३ चढतो, २ घसरतो. आता भागणाऱ्याचं ३० आणि मांडणाऱ्याचं २८. सत्ताविसाव्या रात्री २७ फुटांवर, अठ्ठाविसाव्या दिवशी काठावर. सात जणांपैकी पाच जण ३० वर गेले. सकाळी मी त्याच पाच जणांना शाबासकी देऊन सोडणार होते.

यापुढे प्रश्न तयार केला की आधी मी तो मुद्दाम चुकीच्या रीतीनं सोडवून पाहणार.

१७ ऑक्टोबर

तोंडी गणितात एक मुलगी सतत चुकते, लेखी तेच गणित बरोबर सोडवते. आज कळलं. मी "सदुसष्ट" म्हटलं की ती ७६ लिहिते, "त्रेपन्न" म्हटलं की ३५. आपल्या भाषेत एकक आधी ऐकू येतो, दशक नंतर, आणि लिहायचं मात्र उलट. ती ऐकलेल्या क्रमानं लिहिते. चूक तिच्या गणितात नाही.

२०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात "साठ सात" अशी वाचनाची जोडरीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. तेव्हा मलाही ते रुचलं नव्हतं, सदुसष्ट हा शब्द जाईल अशी भीती वाटली होती. आज या मुलीला "सदुसष्ट, म्हणजे साठ आणि सात" असं दोन्ही म्हणायला लावलं आणि दहापैकी दहा संख्या तिनं बरोबर लिहिल्या. शब्द कुठंही गेला नाही.

१३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. विधानसभेच्या निवडणुकीचं प्रशिक्षण, २० तारखेला ड्युटी. सराव तुकड्या-तुकड्यांत. वही वर्गातच ठेवून जाते, मुलं आपापसांत चालवतात.

२२ नोव्हेंबर

ड्युटीवरून आले ती दमून. मुलंही कंटाळलेली. नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून ६१७४ काढलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, तेच पुन्हा पुन्हा. ३५२४ घेतली: ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे काही केलं तरी ६१७४ च. प्रत्येकानं वेगळी संख्या घेतली, सगळे तिथंच पोचले. मी "सगळे अंक सारखे नकोत" हे सांगायचं राखून ठेवलं होतं. एकानं ११११ घेतली, शून्य आलं, आणि नियम त्यानंच सांगितला. तासभरात प्रत्येकानं हातच्याच्या दहा-बारा वजाबाक्या केल्या, कुणीही कुरकुर न करता.

२ डिसेंबर

दोन प्रश्न, दोन्हींत तोच खड्डा.

५०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली. "होती तेवढीच," सगळे. वाढल्यावर ६००, आणि दुसरे २० टक्के हे ६०० चे, म्हणजे १२०. राहिले ४८०. इथं "उरलेल्यापैकी" कामाला आलं: एका मुलीनं आपणहून विचारलं, "बाई, कशाचे वीस टक्के?"

दुसरा: गाडी तालुक्याला जाताना ताशी ४० किलोमीटरनं गेली, त्याच रस्त्यानं येताना ६० नं आली. सरासरी वेग? सगळ्यांचं ५०. अंतर १२० धरून काढलं. जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, ४८. पण ५० का नाही, हे सांगितलं शेळ्यावाल्या मुलीनं: "४० नं जास्त वेळ गाडीत बसलो ना, म्हणून तिकडं ओढलं." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं.

१४ डिसेंबर

सकाळची शाळा. पहिल्यांदाच पूर्ण वेळ लावून अंकगणिताचा सराव पेपर घेतला. २० प्रश्न, ३० मिनिटं. एका प्रश्नाला दीड मिनिट.

निकाल वाईट. बरोबर आलेली उत्तरं वाढली आहेत, पण चार मुलांचे सहा-सहा प्रश्न राहिले. चित्र काढतात, शब्दांखाली रेघ मारतात, बोरीला शेळ्या लावतात, त्यात वेळ जातो. परतताना मनात सारखं येत होतं की मी यांना विचार करायला लावून परीक्षेत मागं पाडतेय का? एका सहकारी शिक्षकांनीही आधी सांगितलं होतं, पाचवीच्या पोरांना युक्त्या पाठ करून द्या, समज पुढं येते.

रात्री पेपर पुन्हा पाहिले. राहिलेले प्रश्न बहुतेक साधे होते, पेपरच्या शेवटी असलेले: दशांशांची बेरीज, सरळव्याज. मुलं तिसऱ्या-चौथ्या प्रश्नावर पाच मिनिटं अडली म्हणून तिथं पोचलीच नाहीत. म्हणजे अडचण चित्र काढण्यात नाही, क्रमात आहे. सोमवारपासून दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वाचताच समजलेले सोडवायचे, बाकीच्यांवर ठिपका. दुसऱ्या फेरीत ठिपकेवाले. शेवटच्या दोन मिनिटांत एकही गोल कोरा ठेवायचा नाही, गुण कापत नाहीत.

२३ डिसेंबर

दोन फेऱ्यांनी तिसरा पेपर. फक्त एका मुलाचे दोन प्रश्न राहिले. ठिपका देऊन पुढं जाणं हुशार मुलांनाच जड जातं, प्रश्न सोडून जायचा त्यांना अपमान वाटतो.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं भाषणं झाली. नंतरच्या तासात प्रत्येकाला एक प्रश्न तयार करायला दिला. अट एकच: चार पर्याय द्यायचे, आणि तीन चुकीच्या पर्यायांपुढं कोण कसं चुकून इथं येईल ते लिहायचं.

चुकीचा पर्याय बनवणं बरोबर उत्तर काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. एकानं उत्तर ७२ असलेल्या प्रश्नाला ७१, ७३, ७४ असे पर्याय दिले. बाकीच्यांनीच त्याला परत पाठवलं: "ह्यात कोण पडणार?" दुसऱ्यानं तीन घंटांचा प्रश्न केला, १२, १८ आणि २४ मिनिटांनी वाजणाऱ्या, ९ वाजता एकत्र वाजल्या तर पुन्हा कधी. बरोबर १० वाजून १२ मिनिटं. चुकीचा ९ वाजून ६ मिनिटं, पुढं लिहिलं: "लसाविऐवजी मसावि काढला. पण ६ मिनिटांत पहिली घंटासुद्धा वाजत नाही, हे बघितलं नाही." शेळ्यावाली मुलगी म्हणाली, घरी करून आणते.

१७ जानेवारी

उद्या परीक्षा. नवीन काही घेतलं नाही. प्रवेशपत्रं तपासली, प्रत्येकाला दोन पेनं दिली, गोल पूर्ण काळा कसा करायचा ते शेवटचं पाहिलं. साडेअकराला पेपर, जीप आठला देवळापुढं. वही मुलांनी मागून घेतली आणि पारावर बसून पहिल्या पानापासून वाचत होती. ४०, १४४, ३०, ५०. एक जण आकडा म्हणायचा, बाकीचे त्याची गोष्ट सांगायचे.

२० जानेवारी

शनिवारी पेपर झाला. नऊही जणांनी सगळे गोल भरले. कसं गेलं विचारलं नाही, त्यांनीच जीपमध्ये वाद घालत सांगितलं. निकाल लागायला वेळ आहे.

आज सकाळी प्रार्थनेआधी शेळ्यावाल्या मुलीनं तिचा प्रश्न आणून दिला. तिचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली गेले आहेत, ते मार्चनंतर येतील. प्रश्न वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर, पुढच्या पाचवीसाठी, तिनं स्वतःच्या हातानं उतरवला:

"वाड्यावर माणसं आणि मेंढरं मिळून डोकी ५०. पाय १९६. मेंढरं किती?

४९: नुसतं चारनं भागलं. माणसं विसरली.
४६: चार पाय कमी पडले म्हणून चार माणसं धरली. एका माणसाला दोनच पाय कमी असतात.
२: माणसं बरोबर काढली, पण विचारली मेंढरं.
४८."